हात पुढे येईपर्यंत

चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, बाळाच्या खेळण्यांविषयी एक वाक्य आहे. गर्भिणीचा आहारविहार, सूतिकागृह, बाळंतपण, धायीची पारख, बाळाचं अंथरूण-पांघरूण, धुरीची द्रव्यं असं सगळं सांगून झाल्यावर ग्रंथकार खेळण्यांकडे वळतो आणि आठ अटी घालतो. खेळणं रंगीबेरंगी असावं, आवाज करणारं असावं, मन रमवणारं असावं. ते जड नसावं, टोकदार नसावं, तोंडात शिरेल एवढं लहान नसावं, जिवावर बेतेल असं नसावं आणि बाळ घाबरेल असं नसावं. त्याला लागूनच आणखी एक सूचना येते. बाळ रडतंय किंवा खात नाही म्हणून त्याला राक्षस-पिशाचांची नावं घेऊन भेदरवू नये. बागुलबुवा दाखवून घास भरवण्याची सवय दोन हजार वर्षांपूर्वीही घरोघरी असणार, आणि वैद्यांना ती तेव्हाही मान्य नव्हती.

पुढे वाग्भटानेही हा विषय घेतला. त्याने खेळण्याला आकार दिला. लाखेचं, आकाराने मोठं, गाय-घोडा अशा प्राण्याचं किंवा एखाद्या फळाचं खेळणं त्याला योग्य वाटतं. सावंतवाडीच्या चितार आळीतली रंगवलेली लाकडी फळं पाहताना मला दर वेळी हा श्लोक आठवतो. त्या आंब्या-सीताफळांचा वाग्भटाशी थेट संबंध जोडायचा नाही. पण हातात मावेल आणि तोंडात मावणार नाही असं गोल, गुळगुळीत फळ बाळापुढे ठेवावं, हे शहाणपण ग्रंथातही होतं आणि कारागिराच्या हातातही होतं. (तोंडात घालायच्या वयात रंगाची खात्री मात्र करूनच घ्यावी.)

चरकाच्या त्या आठ अटी मी अनेकदा वाचल्या आहेत. बाळाचे डोळे, कान, हात, तोंड, मन या सगळ्यांचा विचार त्यांत आहे. खेळणं महाग असावं असं त्यांत कुठेच नाही. ते बाळाला काही शिकवणारं असावं, त्याची बुद्धी वाढवणारं असावं, असंही नाही. आज सहा महिन्यांच्या बाळासाठी मिळणाऱ्या बहुतेक खेळण्यांच्या खोक्यावर नेमकं तेच मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. आईबाप ते वाचतात, घेतात, घरी आणून बाळासमोर धरतात, बटण दाबून दाखवतात, आणि बाळ खेळणं सोडून खोका चाटायला लागतं.

एक गोष्ट मात्र जुन्या वैद्यांनी सांगितली नाही. खेळणं समोर आल्यावर बाळ काय करतं, आणि त्या वेळात मोठ्या माणसाने काय करावं? हे इतक्या बारकाईने पाहायला विसाव्या शतकातला एक इंग्रज डॉक्टर यावा लागला.

डोनाल्ड विनिकॉट हे लंडनमधले बालवैद्य. पुढे ते मनोविश्लेषक म्हणून जगाला माहीत झाले. पॅडिंग्टन ग्रीन इथल्या मुलांच्या इस्पितळात त्यांनी चाळीसएक वर्षं काम केलं. आई बाळाला मांडीवर घेऊन टेबलाच्या कोपऱ्यापाशी बसायची. टेबलाच्या कडेला, बाळाचा हात पोचेल अशा बेताने, जीभ दाबून घसा बघायची धातूची चकचकीत, काटकोनात वाकवलेली पट्टी ठेवलेली असायची. आईला एवढंच सांगायचं की थोडा वेळ काही सुचवू नका, मदत करू नका. पाच ते तेरा महिन्यांच्या किती तरी बाळांना त्यांनी असं निरखलं आणि १९४१ साली त्यावर एक निबंध लिहिला.

बाळाला पट्टी दिसते. हात पुढे जातो. आणि तिथेच थबकतो. बाळ डोळे मोठे करून आधी डॉक्टरकडे बघतं, मग आईकडे. अंग स्तब्ध, पण ताठरलेलं नाही. कधी ते हात मागे घेतं आणि आईच्या कुशीत तोंड खुपसतं. ही पहिली पायरी. मग हळूहळू त्याचा जीव पट्टीत परत गुंततो. तोंडाला पाणी सुटतं, लाळ गळायला लागते, आणि ते पट्टी उचलून थेट तोंडात घालतं. आता ती त्याची झाली. टेबलावर आपटायची, तिचा जोरजोरात आवाज करायचा, आईच्या तोंडाशी धरायची, डॉक्टरला भरवायची. ही दुसरी. तिसऱ्या पायरीवर पट्टी हातातून पडते, जणू चुकून पडली. कुणी उचलून दिली की बाळ खूश होतं, आणि आता ते मुद्दामच पाडतं.

विनिकॉटांचं सगळ्यात महत्त्वाचं निरीक्षण पहिल्या पायरीवरचं आहे. बाळ थबकलेलं असताना तीच पट्टी तुम्ही त्याच्या तोंडात घालू पाहिलीत, तर ते होऊ देत नाही. जोर केलात तर ओरडतं, रडतं, कासावीस होतं. दोन मिनिटांनी जी गोष्ट ते आपण होऊन, लाळ गाळत, आनंदाने तोंडात घालणार असतं, तीच त्या क्षणी त्याला नको असते. वस्तू तीच, तोंड तेच. फरक एवढाच की मधली घालमेल त्याची त्याने पार केलेली नसते.

बाळाबरोबर घरी खेळायच्या सगळ्या खेळांचा जीव मला या थबकण्यात दिसतो. कोणत्या महिन्यात कोणता खेळ घ्यावा याच्या याद्या आता हव्या तितक्या मिळतात. त्या वाईट नसतात. पण खेळ कोणताही घ्या, हात पुढे करणं आणि वस्तू धरणं यांच्यामध्ये बाळाचा एक स्वतःचा वेळ असतो, आणि तो त्याला मिळाला नाही तर उरतो तो फक्त आपला कार्यक्रम.

घरात हे कसं दिसतं ते सांगते. नुकतं बसायला लागलेलं, सातव्या-आठव्या महिन्यातलं बाळ सतरंजीवर बसवलेलं आहे. मागे लोड, दोन्ही बाजूंना उशा. समोर रुंद तोंडाची टोपली. तीत एक स्टीलची वाटी, एक लाकडी पळी, घासून गुळगुळीत केलेली करवंटी, सुती पंचाचा तुकडा, एक मोठं लिंबू, आणि मूठभर मूग घालून झाकण पक्कं बसवलेली लहान बाटली. एलिनॉर गोल्डश्मिड या इंग्लंडमधल्या बालशिक्षणतज्ज्ञ बाईंनी अशाच टोपलीचा पुरस्कार केला. त्यांचा आग्रह होता की तीत प्लास्टिक नको, कारण हाताला आणि जिभेला सगळं प्लास्टिक सारखंच लागतं. आपल्या स्वयंपाकघरात धातू, लाकूड, दगड, कापूस, वेत सगळं हाताशी आहे. स्टीलची वाटी गार लागते, करवंटी कोमट. लिंबाला वास आहे, पळीला नाही.

बाळ वाटीकडे बघतं. त्याचा पंजा उघडतो, बोटं फाकतात, पायाचे अंगठे आत वळतात. हात हवेत थांबतो. ते आजीच्या तोंडाकडे बघतं. नेमका याच वेळी आजीला राहवत नाही. ‘‘वाजव, वाजव बघू!’’ म्हणत ती त्याचा हात धरते, पळी त्या हातात देते आणि वाटीवर आपटून दाखवते. टण्ण आवाज होतो, सगळे हसतात, बाळही हसतं. काही बिघडत नाही. पण ते वाटीचं काय करणार होतं, हे आता कुणालाच कळणार नाही. कदाचित ते ती उलटी करून तिच्या बुडाची कड चाटणार होतं, किंवा वाटीत दिसणारं आपलं वेडंवाकडं तोंड बघत बसणार होतं. आजीच्या मायेत काही कमी नाही. तिला फक्त कुणीतरी सांगायला हवं की त्याने तुमच्याकडे पाहिलं, हाच तुमचा खेळातला वाटा होता. तुम्ही मान हलवलीत, हसलात, तर ते पुढचं पाऊल आपलं आपण टाकतं.

जवळ बसणं मात्र सोडायचं नाही. टोपली देऊन आपण स्वयंपाकघरात निघून जायचं, असा याचा अर्थ कुणी काढू नये. बाळाच्या हाती काय येतं, यावर मोठ्या माणसाची नजर हवीच. तोंडात शिरेल असं नको, या चरकाच्या अटीचंच आजचं रूप म्हणजे खेळण्यांच्या चाचणीतलं ठरावीक मापाचं नळकांडं; त्यात जो सुटा भाग पूर्ण मावतो, तो लहान मुलांच्या खेळण्यात चालत नाही. घरातला खरा धोका खेळण्यांच्या बाहेर असतो. शेंगदाणा, फुटाणा, फुटक्या फुग्याचा तुकडा, चुंबकाचे मणी, आणि सगळ्यात घातक म्हणजे रिमोटमधला बटणासारखा चपटा सेल. तो गिळला गेला तर काही तासांत अन्ननलिका जाळतो. या गोष्टी वेचून उचलल्या की मग निश्चिंत मनाने गप्प बसता येतं.

त्याआधीच्या महिन्यांत, बाळ हात पुढे करण्याच्याही आधी, हे थांबणं आवाजात असतं. दोन महिन्यांच्या बाळाला समोर धरा, चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. त्या वयात त्याला जवळचंच नीट दिसतं. त्याच्याशी दोन वाक्यं बोला आणि थांबा. सुरुवातीला काहीच होत नाही. मग पाय हलतात. भुवया वर जातात. ओठ पुढे येतात, जीभ दिसते, आणि बऱ्याच वेळाने एक ‘अग्गू’ बाहेर पडतो. आपण एवढा वेळ थांबत नाही, म्हणून तो आपल्याला ऐकू येत नाही. १९७०च्या दशकात एडिंबरा विद्यापीठात कोल्विन ट्रेवार्थन यांनी आई आणि तान्हं बाळ यांच्या अशा बोलण्याचे चित्रपट घेतले आणि ते सावकाश, पुन्हा पुन्हा पाहिले. दोघं एकमेकांची पाळी सांभाळून बोलतात, एकाचं संपल्यावर दुसरा सुरू करतो, असं त्यांत दिसलं. शब्द यायला अजून बरेच महिने आहेत, पण संभाषणाचा डौल आधीच तयार आहे.

आपल्या आजीबाईंच्या खेळांत हा थांबा रचनेतच विणलेला आहे. बाळाचा तळहात उघडून त्यावर बोट टेकवत मोराला बसायला बोलावायचं ते गाणं घ्या. बोट तळहातावर पुन्हा पुन्हा टेकतं आणि शेवटी मोर उडून जातो. किंवा मनगटापासून दोन बोटांनी चालत चालत काखेपर्यंत जायचं आणि तिथे गुदगुल्या करायच्या. पहिल्या दिवशी बाळ गुदगुल्यांना हसतं. काही आठवड्यांनी ते बोटं कोपरापाशी आली तेव्हाच हसतं. आणखी काही दिवसांनी तुम्ही कोपरापाशी मुद्दाम थांबलात तर ते श्वास रोखून तुमच्याकडे बघतं आणि शेवटी न राहवून स्वतःच खिदळतं. पुढे काय येणार हे त्याला कळायला लागलं आहे, आणि तुम्ही ते लांबवताय हेही कळायला लागलं आहे. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल यांनी किंडरगार्टनची कल्पना मांडली, आणि १८४४मध्ये आई-बाळाच्या अशाच बोटांच्या खेळांचं पुस्तक काढलं. बालशिक्षणाचा एवढा मोठा विचार करणाऱ्या माणसाला सुरुवात आईच्या मांडीपासून करावीशी वाटली.

तमिळ भाषेत तर बाळाच्या या खेळांवर एक स्वतंत्र काव्यप्रकारच उभा राहिला. त्याचं नाव पिळ्ळैत्तमिळ. देवाला किंवा थोर व्यक्तीला बाळ कल्पून त्याच्या वाढीच्या दहा टप्प्यांवर कविता रचायची. आधी देवांनी बाळाचं रक्षण करावं म्हणून विनवणी. मग रांगायच्या तयारीत अंग झुलवणारं बाळ, मग अंगाई, मग टाळ्या, मग पापा मागणं, मग ये ये म्हणून पहिली पावलं टाकायला बोलावणं, मग चंद्राला खेळायला बोलावणं. मुलगा असेल तर पुढे वाळूची घरं, छोटा ढोल आणि छोटा रथ. या परंपरेचं मूळ पेरियाळ्वारांनी कृष्णावर रचलेल्या पदांत सापडतं. बाळाच्या वाढीची एवढी बारीक दखल काव्यशास्त्राने घेतली, याचं मला फार अप्रूप वाटतं. टाळी वाजवायला शिकणं ही त्या कवींच्या लेखी स्वतंत्र कविता लिहावी अशी घटना होती.

पाळण्यावरच्या चिमणाळ्याबद्दल, पांगुळगाड्याबद्दल, पायांवर पालथं घालून तेल लावणाऱ्या बायांबद्दल लिहायचं तर वेगळा लेख होईल. इथे एवढंच, की रोज थोडा थोडा वेळ बाळ जागं असताना पालथं घालावं, सगळं मिळून दिवसाला निदान अर्धा तास, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. आपल्याकडे ते तेल लावताना थोडंफार आपोआप व्हायचं. त्याच बायांची नाक ओढून सरळ करायची पद्धत सोडून द्यावी, आणि तेलाचा हात तेवढा ठेवावा.

आता रंगांकडे येते. बाळाच्या हाताला रंग लावून कागदावर ठसा उमटवायचा, चौकट करून भिंतीवर लावायचा, ही अलीकडे घरोघरी होणारी गोष्ट. मूठ उलगडायची, शाई लावायची, दाबायची, पुसायची. बाळ बहुतेक वेळा रडतं. तो ठसा आईबापांसाठी अनमोल असतो आणि त्यात काही गैर नाही. पण त्यात बाळाची कला नाही. ते त्याच्या हाताचं माप झालं.

बाळाची कला पाहायची असेल तर शहाबादी फरशीवर पाणी सांडू द्या. रांगणारं बाळ ओल्यात हात घालतं, पुढे सरकतं, आणि कोरड्या फरशीवर त्याचा पंजा काळा उमटतो. ओला शहाबाद कोरड्यापेक्षा बराच गडद दिसतो, म्हणून ठसा स्वच्छ दिसतो. बाळ थांबतं. हात उचलून आपल्या तळव्याकडे बघतं, मग फरशीकडे. पुन्हा हात टेकवतं. आता मुद्दाम, जोराने, चापट मारून. एकात एक मिसळलेले पाच-सहा पंजे होतात, मग ते तळवा घासतं आणि एक लांब फरकाटा निघतो. तेवढ्यात पहिला ठसा वाळत आलेला असतो. कडांकडून आत फिका होत होत नाहीसा होतो. बाळ त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवतं. मी केलं, दिसलं, गेलं, पुन्हा करता येतं. याहून मोठा धडा चित्रकलेच्या कुठल्याही शाळेत पहिल्या दिवशी देता येईल असं मला वाटत नाही. याला लागतं वाटीभर पाणी, आणि घसरू नये म्हणून जवळ एक माणूस.

उमटणं हेच बाळाला हवं असतं, याला प्रयोगाचाही आधार आहे. जेम्स गिब्सन आणि पॅट्रिशिया योनास यांनी १९६८मध्ये लहानग्यांच्या हातात एकदा उमटणारी लेखणी दिली आणि एकदा तशीच, पण कागदावर काहीच न उमटवणारी. हात फिरवण्याची मजा दोन्हींत सारखीच होती. तरी न उमटणाऱ्या लेखणीने मुलांचं गिरगटणं लगेच कमी झालं. म्हणजे लहान मूल नुसता हात हलवत नसतं. त्याच्या हलण्याची जगात खूण राहते का, हे ते बघत असतं.

फ्रान्समधल्या रुफिन्याक गुहेत छतावर बोटांनी ओढलेल्या रेघा आहेत. मऊ मातीसारख्या थरातून तीन-चार बोटं एकदम ओढलेली. केव्हिन शार्प आणि लेस्ली व्हॅन गेल्डर या संशोधकांनी त्या रेघांची रुंदी मोजली आणि त्यांतल्या कित्येक अगदी लहान मुलांच्या बोटांच्या आहेत असं दाखवलं. त्या सुमारे तेरा हजार वर्षांपूर्वीच्या असाव्यात असा अंदाज आहे. छत उंच आहे. लहान मुलाचा हात तिथे पोचणं शक्य नाही. कुणीतरी त्या मुलाला उचलून धरलं होतं, खांद्यावर घेतलं होतं, आणि त्याची रेघ ओढून होईपर्यंत अंधारात, मिणमिणत्या उजेडात तसंच धरून ठेवलं होतं. त्याच गुहेत मोठ्या माणसांनी काढलेले मॅमथ आहेत. जगभरचे लोक मॅमथ पाहायला जातात. मला तो उचलून धरणारा माणूस जास्त महत्त्वाचा वाटतो.

घरी रंग करायचा तर बाळ वरचं खायला लागल्यावर दोन चमचे दही घ्यावं, त्यात उकडलेल्या बिटाचा रस कालवावा, स्टीलच्या मोठ्या ताटात ओतावं आणि बाळाला लंगोटावर त्याच्यापुढे बसवावं. दुसऱ्या वाटीत पालकाचं पाणी घातलेलं दही. तोंडात गेलं तरी काळजी नाही. विकतचं कुंकू, आळता, रांगोळीची पूड या वयात नको, आणि कच्च्या कणकेचा गोळाही नको, कारण कच्च्या पिठात पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. ताटात पहिलं बोट घालायला बाळ किती वेळ लावेल सांगता येत नाही. काही बाळांना ओला स्पर्श आवडत नाही. ती हात वर धरून बसतात. मग ताट तसंच राहू द्यावं, आपण हवं तर आपलं एक बोट त्यातून फिरवावं आणि गप्प बसावं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवावं. त्याचा हात धरून दह्यात बुडवू नये. विनिकॉटांची ती पट्टी इथेही तशीच लागू आहे.

विनिकॉटांच्या तिसऱ्या पायरीविषयी बोललं पाहिजे, कारण घरातल्या माणसांचा धीर तिथेच सुटतो. चमचा खाली पाडायचा, आपण उचलून द्यायचा, पुन्हा पाडायचा. कमरेत वाकून वाकून आई थकते आणि हा हट्टीपणा आहे असं घरात कुणीतरी म्हणतं. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२०च्या आपल्या पुस्तकात दीड वर्षाच्या नातवाचा एक खेळ नोंदवला आहे. दोरा बांधलेलं लाकडी रीळ तो पलंगाच्या पडद्याआड फेकायचा, दिसेनासं झालं की एक आवाज काढायचा, आणि दोऱ्याने ओढून परत आणलं की आनंदाने दुसरा. हे मूल आईवर फार जीव असलेलं, पण ती बाहेर गेली तर रडत नसे. फ्रॉइडना वाटलं की आईचं जाणं आणि येणं तो त्या रिळाकडून करवून घेतोय. विनिकॉटांनीही आपल्या निबंधात पट्टी पाडणाऱ्या बाळांचा आणि या रिळाचा संबंध जोडला. आपलं बुवा-कुक तेच आहे. पदराआड तोंड जातं, परत येतं. पाडलेला चमचा परत येतो, आणि ऑफिसला गेलेली आईही परत येते, हे बाळ शंभरदा पडताळून पाहतं. ज्याला दिवसभर आईवाचून राहायचं आहे त्याने शंभरदा पडताळावं यात हट्ट कसला?

या सगळ्याला पैसा लागत नाही, पण माणूस लागतो आणि त्या माणसाला वेळ लागतो. याचा सगळ्यात भक्कम पुरावा जमैकातून आला. १९८६-८७मध्ये किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतल्या, वाढ खुंटलेल्या १२९ बाळांसोबत सॅली ग्रॅंथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम सुरू केलं. त्यांतल्या काही घरांत आरोग्यसेविका दोन वर्षं, आठवड्यातून एकदा, तासभर जायच्या. सोबत घरी केलेली खेळणी असायची, टाकाऊ बाटल्या-पुठ्ठ्यांची, चिंध्यांची. त्या आईला बाळाशी कसं बोलावं, कसं खेळावं, त्याचं कौतुक कसं करावं हे दाखवायच्या, आणि खेळणी ठेवून जायच्या. ही मुलं बाविशीच्या घरात आली तेव्हा त्यांची कमाई इतर गटातल्या मुलांपेक्षा २५ टक्के जास्त निघाली. ते संशोधन २०१४मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलं. पुढे हाच कार्यक्रम बांगलादेशात आणि आपल्या ओडिशातही नेला गेला.

महाराष्ट्राला ही दिशा अनोळखी नाही. ताराबाई मोडक १९४५मध्ये बोर्डीला गेल्या, नंतर कोसबाडला. सोबत अनुताई वाघ. वारली वस्तीतल्या मुलांसाठी त्यांनी शिंपले, बिया, पानं, खडे यांतून बालशिक्षणाची साधनं उभी केली. त्यांच्याकडची मुलं थोडी मोठी होती, पण महाग साधनांवाचून खेळ अडत नाही हे त्यांनी तेव्हाच करून दाखवलं. केंद्र सरकारने जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी घरी करायच्या खेळांचा ‘नवचेतना’ हा आराखडा २०२४मध्ये आणला, तोही याच वाटेवरचा आहे. मात्र ऊसतोडीला गेलेल्या बाईचं बाळ फडाच्या कडेला झोळीत असतं, आणि तिच्या दिवसात थांबायला जागाच नसते. तिला खेळांची यादी देऊन काय होणार? फडाजवळ पाळणाघर आणि ते सांभाळणारी पगारी बाई, हे आधी हवं.

नोकरदार आईला २०१७च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची प्रसूतिरजा मिळते. २६ आठवडे म्हणजे सहा महिने. बाळाचा हात वस्तूकडे जायला आणि हवेत थबकायला लागतो त्याच सुमाराला आई कामावर रुजू होते. पन्नासपेक्षा कमी माणसांच्या आस्थापनांना पाळणाघर ठेवण्याची कायद्याने सक्तीही नाही. म्हणजे यापुढचा बराचसा खेळ आजीच्या, मावशींच्या नाहीतर पाळणाघरातल्या बाईंच्या हाती जाणार. अशा आईवडिलांना एक विनंती आहे. पाळणाघर बघायला जाल तेव्हा भिंतीवरची चित्रं आणि मांडणीतली खेळणी मोजत बसू नका. तासभर एका कोपऱ्यात बसायची परवानगी मागा. बाळाने हात पुढे करून बाईंकडे पाहिलं की त्या काय करतात आणि किती वेळ थांबतात, तेवढं बघा, आणि त्यावरून ठरवा.